निशाणाखालचा गोलंदाज

गणपतरावांना लढाईचा नाद लागला तो पेन्शन घेतल्यावर. नोकरीत होते तोवर त्यांनी एकही लढाई पाहिली नव्हती. दरबारच्या पायदळात सुभेदार होते, म्हणजे मिरवणुकीत पुढं चालायचं, पाहुण्याला सलामी द्यायची आणि दसऱ्याला मिशा पिळून उभं राहायचं. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाचा राग धरायला सोपं जातं. ह्यांचा धरायला मला वेळ लागला, पण एकदा धरला तो अजून सुटलेला नाही.

दिल्लीला बादशहाचा दरबार भरला, त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. गणपतराव छावणीतल्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर गेले होते. तिथं त्यांनी टेबलावरची लढाई पाहिली. करंगळीएवढे शिशाचे शिपाई, समोरासमोर दोन फौजा आणि दोन्हीकडं स्प्रिंगची एकेक छोटी तोफ. तोफेतून लाकडाची खुंटी सुटायची, ज्याला लागेल तो आडवा, आणि आडवा झाला तो मेला. दोन मोठे बाप्ये त्या शिपायांपायी एकमेकांवर ओरडत होते म्हणे. गणपतराव घरी आले ते झपाटूनच. पंगतीत ताट सरकवायचं झालं तरी "डावी फळी पुढं घ्या" म्हणायला लागले.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. मी ज्ञानू, गंगावेशीकडच्या कुंभार गल्लीतला. गणपती, बेंदराच्या सणाचे बैल, दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे ही माझी कामं.

"ज्ञानू, फौज पायजे," गणपतराव म्हणाले. "दोन फौजा. एक आपली, एक मोगलांची. सायबाच्या शिपायापेक्षा भारी दिसाय पायजे."

"शिशाची न्हाय जमायची, सरकार. मातीची करतो."

"कशाची बी कर. पण पडल्यावर फुटता कामा न्हाय."

मातीची वस्तू पडल्यावर फुटता कामा नये, असं सांगणारं गिऱ्हाईक मला रोज भेटतं. मी होय म्हणालो.

काम वाटलं तेवढं सोपं नव्हतं. दिवाळीचा मावळा असतो वीतभर, पाय जाडजूड, एकदा बुरुजावर ठेवला की तुळशीच्या लग्नापर्यंत जागचा हलत नाही. हा शिपाई करंगळीएवढा, आणि त्यानं मार खाऊन पुन्हा उभं राहायचं. पहिला घाणा वाळला आणि निम्मे लोक गुडघ्यात मोडले. मग शाडूत कापूस कुटून घातला, डिंकाचं पाणी मारलं, एकेका पायात बांबूची बारीक कामटी बसवली आणि तळाला लाकडाची चकती चिकटवली. आता तो हातभरावरून पडला तरी उठायचा. तोफा तांबटानं पितळेच्या केल्या. खुंटीऐवजी गणपतरावांनी कोरडा हरभरा ठरवला, कारण तो घरात होता.

रंगाला मात्र माझ्याकडं एकच माणूस, फक्रुद्दीन चितारी. आमच्या मागच्याच बोळात राहायचा. ताबूत, पालख्या, लोकांच्या दारावरचे हत्ती, सगळं त्याच्या हातचं. माझ्या गणपतीचे डोळेसुद्धा तोच घालायचा आणि त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. त्याची बायको हुसेनबी रंग घोटून द्यायची. खारीच्या शेपटीचे केस बांधून तो स्वतः कुंचला करायचा, आणि ह्या कामासाठी त्यानं इतका बारीक कुंचला केला की मला तो आधी दिसलाच नाही.

आधी सगळ्यांना सफेदा. पांढऱ्या भुतांची रांग फळीवर वाळत बसली. मग अंगरखे, मग शेले, मग ढालतलवारी, शेवटी चंद्रसाचं रोगण. चेहरे तेवढे कोरे. फक्रूची पद्धत होती, डोळे अगदी शेवटी आणि सगळे एका बैठकीत. डोळे घालायला बसला की तो उठायचा नाही, बोलायचा नाही, पाणी मागायचा नाही. अर्धी फौज बघतेय आणि अर्धी आंधळी आहे, असं ठेवून जेवायला जाणं त्याला जमायचं नाही.

शत्रू कसा रंगवायचा हे गणपतरावांनी बजावून सांगितलं होतं. लांबून ओळखू यायला हवा. डोक्याला हिरवं, तोंडाला दाढी, मिशा खाली वळलेल्या. आपल्यांना भगवे पटके आणि मिशा वर. भिंतीवरच्या चित्रांत अशीच रीत होती आणि अशी चित्रं फक्रूनं आजवर ढिगानं काढली होती. तो हिरवा कालवत बसला तेव्हा माझ्यानं राहवलं नाही.

"तुला काय वाटत न्हाय?" मी विचारलं.

"रंग हाय त्यो, ज्ञानू. उद्या जांभळा सांगितला तर जांभळा लावीन."

असं म्हणाला खरा. पण त्याच्या मनात वेगळंच काही होतं, ते मला दोन दिवसांनी कळलं. तो गणपतरावांकडं गेला, मी बरोबर होतो. मान खाली घालून म्हणाला, "सरकार, मजुरी कमी दिली तरी चालंल. पण किल्ल्यावर निशाणाखाली तोफंजवळ जो गोलंदाज हुबा ऱ्हाणार, त्यो माझा आजा म्हणून करू द्या. आईचा बाप."

गणपतराव तेव्हा नव्या तोफेत हरभरे भरून उडवून बघत होते. मजेत होते. "असू दे की," ते म्हणाले. "एवढं काय त्यात."

एवढं काय त्यात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आमच्या बोळात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्रूचा आजा दिलदार भुदरगडावर तोफेवर होता. गडकऱ्यांनी कंपनी सरकारविरुद्ध बंड केलं तेव्हा तो गडावरच राहिला. डावा डोळा त्याचा आधीच दारूच्या भडक्यात गेला होता. लोक म्हणायचे की नेम धरताना दुसरे एक डोळा मिटतात, दिलदारचं तेवढं काम वाचलं. गोऱ्यांच्या तोफा लागल्या, सोबतचे खाली उतरले, हा तोफ सोडून हलला नाही. तिथंच गेला. कबर कुठं आहे ते कुणालाच माहीत नाही. त्याची मुलगी ताजबी तेव्हा पाचसहा वर्षांची होती. ती फक्रूची आई. आता सत्तरी उलटलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजेड-अंधार एवढंच कळायचं. बापाचा विषय निघाला की तिचं एक वाक्य ठरलेलं. "बाबा पडला, मग निशाण पडलं." कुणी घाईत उलटं बोललं तर ती थांबवायची आणि दुरुस्त करायची.

टेबलावर गोऱ्यांशी लढाई मांडायची गणपतरावांची छाती नव्हती, म्हणून मोगल. फक्रूला त्याचं काही नव्हतं. शत्रू कुणीही असेना, आजा निशाणाखाली उभा राहिला की झालं. कबर नाही, तसबीर नाही, निदान टेबलावर तरी त्याला त्याची जागा मिळेल, आणि दसऱ्याला चार प्रतिष्ठित लोक ती बघतील. गणपतरावांनी दसऱ्याच्या दुपारी खेळ ठेवला होता. सीमोल्लंघनाला जायच्या आधी सगळ्या पाहुण्यांना घरी बोलावलं होतं. ताजबीलाही आणायचं ठरलं.

दिलदारचं अंग मी केलं. सांगायला हरकत नाही, त्या फौजेत तेवढं एकच अंग मी मन लावून केलं. वाकलेला, हातात तोफ ठासायचा गज, मान किंचित तिरकी. फक्रूनं दाढी काढली, कारण आजाला दाढी होती. पटका भगवा दिला. बैठकीत त्याला एकच डोळा घातला, आणि तो असा घातला की बाहुली नेम धरून बघते आहे हे लांबून कळावं.

आणि मग त्यानं ती चूक केली. शहाण्या माणसानं प्रेमापोटी करावी तशीच होती.

दिलदार तोफेवर जाताना दंडाला पिराच्या कबरीवरच्या गिलाफाचा हिरवा धागा बांधायचा. ताजबीनं तसलाच धागा डबीत जपून ठेवला होता. बाबाला तो बांध, असा तिचा हट्ट. पण बाहुलीचा दंड गजाच्या आड जात होता, तिथं बोट पोचत नव्हतं. आंधळ्या आईला बोटानं बाप ओळखता यायला पाहिजे, म्हणून फक्रूनं धाग्याचा पदर सोडवला आणि पटक्यावर तीन वेढे दिले. वर रोगण मारलं. ताजबीनं बाहुली हातात घेतली, पटक्यावरून बोट फिरवलं आणि खुदकन हसली. फौजभर शत्रूची खूण म्हणून ज्यानं स्वतःच्या हातानं हिरवा लावला, त्यानंच आजाच्या डोक्यावर हिरवा गुंडाळला, आणि त्याच्या ते ध्यानातसुद्धा आलं नाही. माझ्याही आलं नाही. आम्हाला दिलदार दिसत होता.

फौजा गणपतरावांच्या दिवाणखान्यात गेल्या. मोठ्या मेजावर पंचगंगेची वाळू पसरली होती. एका टोकाला किल्ला, त्यावर निशाण, निशाणाखाली तोफ आणि दिलदार. दुसऱ्या टोकाला वेढा. नियम सोपा. तोफेजवळ गोलंदाज उभा असेल तरच तोफ चालणार. निशाण पडलं की खेळ संपला.

आता अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. मोगल व्हायला कुणी तयार नव्हतं. गणपतरावांचे चुलतभाऊ बाळासो रोज खेळायला यायचे, पण त्या बाजूला बसा म्हटलं की त्यांची कंबर धरायची. दुसरे एक स्नेही बसले, पण त्यांनी पहिल्याच डावात आपले सगळे शिपाई शरण आणले. अख्ख्या पेठेत शत्रू मिळेना. फक्रू तेव्हा रोज जायचा, पडून टवका उडालेल्यांना रंग लावायला. गणपतरावांची नजर त्याच्यावर गेली.

"फक्रू, बस की तिकडं. तुझीच फौज हाय."

"दोन्ही माझ्याच हाईत, सरकार," फक्रू म्हणाला.

सगळे हसले. तोही थोडा हसला आणि बसला. त्यात त्याला एक बरं वाटायचं, ते त्यानं मला सांगितलं होतं. त्या बाजूला बसलं की आजा समोर दिसायचा. रोज त्याच्यासमोर बसायचं, रोज आपला हरभरा बाजूला मारायचा आणि रोज हरून घरी यायचं. गणपतराव खूष. फक्रूचा नेम किती वाईट आहे ते ते सगळ्यांना सांगत सुटले.

दसऱ्याला दोन दिवस राहिले असताना मोगलांचा गोलंदाज फुटला. बाळासोंच्या धोतराचा सोगा लागून मेजावरून फरशीवर गेला, डोकं एकीकडं आणि कामट्या दुसरीकडं. मी तुकडे गोळा केले.

"उद्याच्याला नवा आणतो, सरकार," मी म्हणालो. "उन्हं चांगली हाईत, वाळंल."

गणपतराव किल्ल्याकडं बघत होते. वाकून त्यांनी दिलदारला उचललं, उजेडाला धरलं, फिरवून पाहिलं. इतके दिवस त्यांनी त्याला नीट पाहिलाच नव्हता.

"नवा कशाला? ह्यो हाय की. दाढी हाय, डोक्याला हिरवं हाय. आपल्यात कसा आला ह्यो?"

फक्रू कुंचला पुसत होता. तो तसाच उभा राहिला. "सरकार, त्यो माझा आजा. तुम्ही व्हय म्हणालता."

"म्हणालो असंन. पण असा असंल ते कुठं ठाऊक होतं? आरं, निशाणाखाली हिरवी पगडी? दसऱ्याला मोठमोठी माणसं येणार. हसतील मला."

"पटका भगवाच हाय, सरकार. वरनं नुसता धागा हाय. पिराचा."

"तेच म्हणतोय न्हवं मी."

फक्रूनं हात पुढं केला. धागा काढून देतो म्हणाला. त्यानं नखानं टोक उकरायला बघितलं, पण वरून रोगण बसलं होतं. ओढला असता तर डोकं धाग्याबरोबर आलं असतं. तो थांबला. मी पाहिलं, त्याचं नख आजाच्या कपाळावर टेकलेलं होतं.

मला गप्प बसवेना. "सरकार, गोलंदाज मुसलमान असायचे की आपल्याकडं. दिलदारचाचा भुदरगडावर तोफंशी मेला. समद्या गावाला ठाऊक हाय."

"ज्ञानू, तुला माती कळती. इतिहास मला कळतो," गणपतराव म्हणाले. रागावले नाहीत, उलट समजावल्यासारखं म्हणाले. "आणि मी कुठं म्हणतोय त्यो वाईट हुता? खेळ हाय ह्यो. खेळात दोन बाजू लागतात. लांबनं वळखू याय पायजे, एवढंच. फक्रू, तुला राग आला काय रं?"

राग आला काय, असं विचारल्यावर गरिबानं काय म्हणायचं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. फक्रू न्हाय म्हणाला. गणपतरावांनी दिलदारला वाळूवरून चालवत नेलं आणि वेढ्यातल्या तोफेजवळ उभं केलं. किल्ल्यावर मिशा वर केलेला एक भालेवाला उभा केला. त्याच्या हातात भालाच होता. तोफ भाल्यानं चालवणारा तो पहिलाच.

त्याच महिन्यात, तिकडं महाराज मुसलमानांच्या पोरांसाठी बोर्डिंग चालवतात म्हणून ह्याच दिवाणखान्यात गणपतरावांनी तोंड भरून कौतुक केलेलं मी ऐकलं होतं. ते खोटं बोलले नव्हते. त्यांना खरंच कौतुक होतं.

दुसऱ्या दिवशी हुसेनबी माझ्या दारात आली. "ज्ञानूभाऊ, अम्मानं नवं लुगडं काढलंय," ती म्हणाली. "बोळातल्या समद्यांना सांगून आली, बाबाला बघाय चाललेय म्हणून. आता तिला काय सांगू?"

फक्रू तिच्या मागं उभा होता. "काय सांगू नगंस," तो म्हणाला. "तिला दिसतंय कुठं? हाताला आजा लागला म्हंजे झालं. कुठल्या बाजूला हाय ते तिला काय कळणार हाय?"

मी म्हणालो, मी रातोरात दुसरा दिलदार करतो, त्याला घरीच दाखवू. फक्रूनं मान हलवली. ती निशाणाखाली बघायला निघालीय, घरात नाही. त्याचं बरोबर होतं आणि म्हणूनच मला त्याचाही राग आला.

दसऱ्याच्या दुपारी गणपतरावांचा दिवाणखाना भरला. जरीच्या पगड्या, अत्तर, पानाची तबकं. मेजाभोवती गर्दी झाली आणि खरं सांगायचं तर फौज सुंदर दिसत होती. एकेकाच्या शेल्याची किनार वेगळी होती, घोड्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. लोक वाकवाकून बघत होते आणि गणपतरावांना शाबासकी देत होते. रंगवणारा मोगलांच्या बाजूला गुडघ्यावर बसला होता, म्हणून त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं.

खेळ सुरू झाला. गणपतरावांच्या हरभऱ्यांनी हिरवे पटापट आडवे व्हायला लागले. टाळ्या पडत होत्या. फक्रू रोजच्यासारखा बाजूला मारत होता. एक हरभरा वाळूत रुतला, एक किल्ल्यावरून पलीकडं जाऊन एका पाहुण्याच्या पानाच्या तबकात पडला. हशा झाला. गणपतराव रंगात आले.

"ह्यांचा गोलंदाज बघा," त्यांनी दिलदारकडं बोट केलं. "एका डोळ्यानं आंधळा. म्हणून नेम असला. फक्रू, आज्याला म्हणावं चष्मा लाव."

जो तो हसला. बाळासो तर मांडी थोपटून हसले. मी फक्रूकडं बघत होतो. आजाला तिकडं नेऊन उभं केलं तेव्हा तो न्हाय म्हणाला होता, गिळलं होतं. पण दिलदारच्या नेमाला हसायचं? त्या घरात दुसरं होतं काय? जमीन नाही, कबर नाही, होता तो नेमच. आता बाजूला मारला तर दिलदार आंधळा म्हणून सगळ्या पेठेत हसण्यावारी जाणार. आणि नीट मारला तर समोर भगवं निशाण होतं.

त्यानं तोफेत हरभरा घातला. वाकला, आणि वाकल्यावर त्याची मान जशी तिरकी झाली तशीच मी त्या बाहुलीची केली होती, हे मला तेव्हा दिसलं. त्यानं डावा डोळा मिटला. स्प्रिंग वाजली. हरभरा मेजाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेला, भालेवाल्याच्या डोक्यावरून, आणि निशाणाच्या काठीला मधोमध लागला. निशाण आडवं झालं.

रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज आत आला. मग गणपतराव हसले, पण ते हसू वेगळं होतं. "शेवटी गेलाच की आपल्या वळणावर," ते पाहुण्यांना म्हणाले. "इतकं दिस आपल्यात हुबा हुता, बरं का ह्यो एकडोळ्या. मीच वळखून तिकडं धाडला. बघा, बरोबर वळखला का न्हाय?"

लोकांनी माना डोलावल्या. फक्रू उठला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडं बघत राहिला.

आणि तेवढ्यात हुसेनबी ताजबीला हाताला धरून घेऊन आली. म्हातारी पडवीत बसून होती, टाळ्या ऐकत होती. आवाज थांबले तसं तिला वाटलं, आता आपली पाळी. गणपतराव म्हाताऱ्या माणसाला मान देणारे. त्यांनी स्वतः गर्दी बाजूला केली. "या, आजी, या. बघा तुमच्या लेकानं काय केलंय."

ताजबी मेजाशी आली. नव्या लुगड्याची घडी अजून मोडली नव्हती. तिनं वाळूवर हात ठेवला, हळूहळू पुढं नेला. आडव्या शिपायांवरून बोटं गेली, थांबली नाहीत. पितळी तोफ लागली. तोफेशेजारी बाहुली. पटक्यावर बोट फिरलं, तीन वेढे लागले.

"बाबा," ती म्हणाली. एवढंच. तिच्या तोंडावरचा आनंद मला बघवला नाही.

मग तिनं तोफेच्या नळीवर बोट ठेवलं. ती गोलंदाजाची लेक. नळी कुठं रोखली आहे ते बघायला तिचा हात आपसूक पुढं सरकला. वाळू, वाळू, मग तट. तटावरून वर. काठीची जागा रिकामी. खाली चाचपलं तर कापडाचा तुकडा हाताला लागला.

"ज्ञानू, हाईस काय हितं?" तिनं विचारलं. लेकाला विचारलं नाही, मला विचारलं. "हे काय पडलंय रं?"

तिनं कापडाची किनार दोन बोटांत धरली.

"निशाण हाय न्हवं?"

"व्हय, मावशी."

तिचा हात माघारी आला. बाहुलीला लागला. बाहुली उभी होती. तिनं पुन्हा चाचपून पाहिलं, पायापासून पटक्यापर्यंत.

"निशाण पडलंय," ती म्हणाली. "मग ह्यो हुबा कसा?"

गणपतराव पुढं झाले. खूप प्रेमानं बोलले. "आजी, त्यो त्यांच्याकडचा गोलंदाज. त्यानंच पाडलं बघा निशाण. आज त्यांची फत्ते झाली."

ताजबीनं त्यांच्या आवाजाकडं तोंड केलं. तिला कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. मला वाटतं सगळं कळलं. तिनं दिलदारला मुठीत घेतलं, दुसऱ्या हातानं वाट काढत काढत मेजाच्या त्या टोकाला गेली. गर्दीतले लोक मागं सरकत होते. निशाणाचा तुकडा तिला सापडला. त्याच्याखाली तिनं बापाला पालथा निजवला आणि वर कापड सारखं केलं.

"बाबा पडला, मग निशाण पडलं," ती म्हणाली. कुणी चुकीचं सांगितलं की दुरुस्त करायची त्याच आवाजात. मग हुसेनबीचा हात धरून निघाली. फक्रू उठून त्यांच्या मागं गेला. जाताना त्यानं कुंचलेसुद्धा उचलले नाहीत.

पाहुणे सीमोल्लंघनाला गेले. बाहुल्या आवरायला मी राहिलो, कारण मातीचं काम माझं. दोन पेट्या होत्या, एक आपल्यांची, एक त्यांची. गणपतराव पटका बांधत मेजाशी आले. त्यांनी निशाणाखालून दिलदारला काढला, वाळू झटकली आणि हिरव्यांच्या पेटीत नीट निजवला.

"ज्ञानू, ह्याच्या डोक्यावरचा धागा सुटाय लागलाय बघ," ते म्हणाले. "फक्रूला सांग, त्यो काढून टाक आणि पगडी चांगली हिरवी करून दे. लांबनं वळखू आली पायजे."

"सांगतो," मी म्हणालो, आणि पेटीचं झाकण लावलं.